जस्ताच्या पट्टीवर ग्राफीनचा लेप

जुलै लागला की तालुक्याच्या बाजारात फवारणी पंपाच्या बॅटऱ्यांची थप्पी लागते. हल्ली त्यातल्या काहींवर ठळक अक्षरांत ‘ग्राफीन’ (कार्बनचा एक प्रकार) लिहिलेलं असतं. इ-स्कूटरच्या बॅटऱ्यांवरही तेच. कास्तकाराचा प्रश्न सरळ असतो: ही जास्त टिकते का, आणि पेट तर घेत नाही ना? याचं उत्तर देण्याआधी एक घोळ सोडवावा लागतो. त्या डब्यातलं ग्राफीन एक काम करतं, आणि प्रयोगशाळांमध्ये धातूच्या बॅटरीसाठी जो ग्राफीनचा लेप देतात त्याचं काम अगदी वेगळं आहे. नाव एकच असल्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते.

पंपातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी शिशाची असते. वापरताना तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि चार्ज करताना ते परत मोडतं. बॅटरी उतरलेली तशीच पडून राहिली तर सल्फेटचे बारीक कण मोठ्या कडक खड्यांत बदलतात, मग चार्जर कितीही वेळ लावला तरी ते मोडत नाहीत. निगेटिव्ह प्लेटच्या लगद्यात बारीक कार्बन मिसळला तर विजेला आत शिरायला जास्त वाटा मिळतात आणि खडे धरायचा वेग कमी होतो. ही युक्ती जुनी आहे, शिशाच्या बॅटरीत काजळी पूर्वीपासून घालतात. ग्राफीन त्याच कुळातलं. फायदा खरा आहे, पण डब्यात ते किती घातलंय हे डब्यावर लिहिलेलं नसतं. शिवाय शेवटच्या फवारणीनंतर उतरलेली बॅटरी कोठ्यात टिनाखाली टाकली आणि थेट पुढच्या मृगात काढली, तर कोणतंही ग्राफीन तिला वाचवत नाही. पऱ्हाटीची फवारणी संपली की बॅटरी पूर्ण चार्ज करून मातीच्या भिंतीच्या, थंड खोलीत ठेवा. दर दोन महिन्यांनी एकदा चार्ज करा. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर साधारण दर १० अंशांना निम्मं होतं असा ठोकताळा आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात हा ठोकताळा किती महाग पडतो हे वेगळं सांगायला नको.

आता मूळ विषय, म्हणजे धातूची बॅटरी.

मोबाइलच्या लिथियम-आयन सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात नसतो. तो आयन (विजेचा भार असलेला अणू) होऊन ग्रॅफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीतल्या कार्बनच्या, थरांत जाऊन बसतो. एक ग्रॅम ग्रॅफाइट सैद्धांतिकदृष्ट्या ३७२ मिलिअँपिअर-अवर साठवतं, एक ग्रॅम लिथियम धातू ३,८६०. दसपट फरक आहे. म्हणून ग्रॅफाइट काढून थेट धातूच वापरायचा मोह पहिल्यापासून आहे. १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉनमध्ये लिथियम धातूचीच रिचार्ज होणारी बॅटरी बनवली होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅनडातल्या एका कंपनीने असे सेल बाजारात आणले, ते जपानमध्ये फोनमध्ये बसले, आग लागली आणि १९८९ मध्ये माल परत घ्यावा लागला. १९९१ मध्ये सोनीने कार्बनच्या थरांत लिथियम बसवणारा सेल विकायला काढला आणि जग त्या वाटेने गेलं. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना मिळालं, ते याच प्रवासासाठी.

धातूची अडचण अशी. चार्ज करताना द्रावणातले आयन पत्र्यावर येऊन धातू होऊन बसतात. पत्रा डोळ्याला गुळगुळीत दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर उंचवटे असतातच. उंचवट्याच्या टोकाशी विजेचं क्षेत्र जास्त तीव्र असतं आणि टोक द्रावणात पुढे आलेलं असल्यामुळे आयन तिथे आधी पोहोचतात. म्हणून टोकावर धातू जास्त बसतो, टोक वाढतं, वाढल्यामुळे आणखी जास्त बसतो. यातून काटे तयार होतात, त्यांना डेंड्राइट म्हणतात. काटा मधल्या कागदासारख्या पडद्यातून आरपार गेला की दोन्ही टोकं जोडली जातात, म्हणजे शॉर्ट सर्किट होतं. लिथियमच्या सेलमध्ये द्रावण पेट घेणारं असतं, म्हणून तिथे आग लागते. जस्ताच्या सेलमध्ये द्रावण पाण्याचं असतं, तिथे आग लागत नाही, सेल फक्त मरतो. दुसरं नुकसान गुपचूप होतं: डिस्चार्ज करताना काटा बुडाशी विरघळतो आणि वरचा तुकडा तुटून मोकळा पडतो. त्या धातूचा नंतर काही उपयोग नाही. त्याला ‘मेलेला’ धातू म्हणतात.

ग्राफीन इथे कामाला येतं. ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा एकच अणू जाडीचा पापुद्रा. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो चिकटपट्टीने सोलून वेगळा केला, २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यातले कार्बनचे अणू मधमाशीच्या पोळ्यासारख्या सहा कोनांच्या जाळीत बसलेले असतात. जस्ताचे अणूही त्याच्या सपाट तळाच्या पृष्ठावर षटकोनी मांडणीतच असतात. ग्राफीनच्या जाळीचं अंतर २.४६ अँगस्ट्रॉम (अणूंच्या मापाचं एकक), जस्ताचं २.६६, म्हणजे फरक सात-आठ टक्के. ग्राफीनवर बसणाऱ्या पहिल्या जस्ताला ही मांडणी जवळपास आपलीच वाटते आणि तो सपाट तळ खाली टेकवून बसतो. मग त्यावरचा थरही तसाच. २०१९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लिंडन आर्चर यांच्या गटाने ग्राफीनचा लेप दिलेल्या स्टीलवर जस्त असं आडवं बसवून दाखवलं आणि हजारो फेऱ्यांपर्यंत ते परत काढता-बसवता येतं हे ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं.

जस्ताचा स्वभाव मुळात चपट्या षटकोनी चकत्या होऊन वाढण्याचा. साध्या पत्र्यावर या चकत्या उभ्या-आडव्या-तिरप्या कशाही वाढतात. अंगणात ढिगात ओतलेली कवेलू आठवा, कोणी उभं, कोणी काठावर, मध्ये पोकळ्या आणि वर धारा. ग्राफीनवर त्याच चकत्या छपरावर शाकारलेल्या कवेलूसारख्या पडून राहतात. धातू तेवढाच, पण उंची कमी आणि पडद्याला टोचणारी धार नाही. धातूच्या बॅटरीतल्या ग्राफीनचं मुख्य काम हे आहे: ते वीज तयार करत नाही आणि फारशी साठवतही नाही, धातूला नीट बसायला जागा देतं.

लिथियमचं गणित थोडं वेगळं. स्वच्छ ग्राफीनवर लिथियमला बसायला फारसं आवडत नाही. म्हणून ग्राफीनमध्ये नायट्रोजन किंवा ऑक्सिजनचे गट ठेवतात, त्यांना लिथियम धरतो. दुसरा मार्ग पोकळ घर देण्याचा. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या यी क्वी यांच्या गटाने ग्राफीन ऑक्साइडच्या (ऑक्सिजनचे गट असलेल्या ग्राफीनच्या) थरांच्या फटींत वितळलेलं लिथियम शोषून घेतलं, म्हणजे धातू आला-गेला तरी एनोडची (निगेटिव्ह टोकाची) जाडी फारशी हलत नाही. हे काम आर्गॉन भरलेल्या बंद पेटीतच होतं. लिथियम धातू दमट हवेत लगेच बिघडतो आणि पाण्याशी उग्रपणे वागतो. मोबाइलचा किंवा इ-रिक्षाचा सेल फोडून ‘आत बघू’ असा विचार कोणाच्या मनात असेल तर तो इथेच सोडावा. फुगलेल्या, चुकीच्या रीतीने चार्ज झालेल्या लिथियम-आयन सेलमध्येही ग्रॅफाइटवर धातूचा लिथियम साचलेला असू शकतो.

जस्त मात्र शाळेच्या टेबलावर हाताळता येतं, आणि विदर्भासाठी माझ्या मते तेच जास्त पाहण्यासारखं आहे. जस्ताच्या सेलमध्ये समोरचं टोक बहुधा मँगनीज डायऑक्साइडचं असतं. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून मॉईल ही सरकारी मँगनीज कंपनी जे मँगनीज डायऑक्साइड खनिज काढतं, ते ड्राय बॅटरीच्या उद्योगातच जातं. विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवायचा कारखानाही तिथेच आहे. द्रावणातलं झिंक सल्फेट तर आपल्या कृषी केंद्रात पोत्यांनी मिळतं. ग्रॅममागे जस्त फक्त ८२० मिलिअँपिअर-अवर देतं, पण घनसेंटिमीटरमागे ५,८५४, कारण ते जड आहे. पाठीवर घ्यायच्या पंपाला वजन महत्त्वाचं असतं, म्हणून तिथे ते लगेच शोभणार नाही. वावरातल्या झटका मशीनला, घरच्या दिव्याला, एका जागी ठेवायच्या बॅटरीला वजनाचं ओझं नसतं. तिथे आग न लागणं आणि स्वस्त असणं मोलाचं.

लेपाचा फरक स्वतः बघायचा असेल तर तो बघता येतो. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेला किंवा बीएस्सीच्या प्रकल्पाला जमण्यासारखा आहे. तयार बॅटरी बनवायची नाही, फक्त जस्त एका पट्टीवरून दुसरीवर न्यायचं आणि परत आणायचं. यालाच सिमेट्रिक सेल म्हणतात.

जस्ताचा पत्रा ९९.९ टक्के शुद्ध, ०.१ ते ०.२५ मिलिमीटर जाडीचा घ्या. नागपूर, अमरावती, अकोल्याकडे लॅब-केमिकलच्या दुकानात मागवून मिळतो. टिनाचा पत्रा चालणार नाही. तो लोखंडाचा असतो, वर जस्ताचा पातळ मुलामा. मुलामा फाटला की लोखंडावर हायड्रोजनचे बुडबुडे सुटायला लागतात आणि मग तुम्ही काय मोजताय तेच कळत नाही. जुन्या टॉर्च सेलच्या डबीचं जस्त नुसतं दाखवायला ठीक, पण त्यात इतर धातू मिसळलेले असतात, त्यामुळे आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

झिंक सल्फेटचंही तसंच. खताच्या पोत्यावरचं २१ टक्के जस्त म्हणजे सात पाणी असलेलं हेप्टाहायड्रेट, ३३ टक्के म्हणजे मोनोहायड्रेट. रासायनिक पदार्थ तोच, पण खताच्या प्रतीत लोह आणि इतर धातूंचे अंश असतात. ते जस्तावर जाऊन बसतात आणि प्रत्येक ठिपका गंजण्याचं छोटं केंद्र होतो. प्रयोगाला लॅब प्रतीचंच घ्या. २ मोलर द्रावणासाठी ५७.५ ग्रॅम हेप्टाहायड्रेट ६० मिली डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग पाणी घालून एकूण १०० मिली करा. आधीच १०० मिली पाणी घेऊन त्यात टाकलं तर द्रावण पातळ होतं. ही चूक फार जण करतात.

लेपासाठी ग्राफीन ऑक्साइडचं पाण्यातलं तयार मिश्रण विकत घ्या. सगळ्या सामानात महाग हेच. ते घरी किंवा शाळेत बनवू नका. १९५८ पासून प्रचलित असलेल्या हमर्स पद्धतीत तीव्र गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट एकत्र येतात. त्यातून मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं आणि ते ५५ अंशांच्या वर गेलं की स्फोट होतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीच ४० अंशांची असते, चूक करायला जागाच उरत नाही. तयार मिश्रणही सुकवून पूड करून ठेवू नका, सुकं ग्राफीन ऑक्साइड एकदम तापलं की भसकन उडतं. बाटली ओलीच असू द्या.

बाटलीवर ४ मिलिग्रॅम प्रति मिली असं लिहिलेलं असेल तर २५ मिली घेऊन त्यात ७५ मिली डिस्टिल्ड पाणी घाला, १ मिलिग्रॅम प्रति मिली झालं. इथे बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं आणि ते ग्राफीन ऑक्साइडच्या पापुद्र्यांना एकमेकांशी चिकटवून टाकतं. तपकिरी चहासारखं मिश्रण पाच मिनिटांत दह्यासारखं फाटलं तर पाणी चुकलं असं समजा.

पट्ट्या २ सेंमी रुंद आणि ५ सेंमी लांब कापा. १,००० नंबरच्या आणि मग २,००० नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा. जस्तावर हवेत ऑक्साइडचा थर असतोच, तो निघाला नाही तर लेप ठिपक्याठिपक्यांनी चढतो. नंतर डिस्टिल्ड पाण्याने धुवा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि यानंतर पट्टीच्या पृष्ठाला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा लेपात हुबेहूब उमटते.

आता पट्टी मिश्रणात उभी सोडा. इथे एक सुंदर गोष्ट घडते, ती काचेच्या भांड्यातच बघा. जस्त स्वतः इलेक्ट्रॉन देतं, ग्राफीन ऑक्साइड ते घेतं, त्याचा ऑक्सिजन कमी होतो आणि तपकिरी पापुद्रे काळे होऊन पट्टीवर थराथराने बसत जातात. बाहेरून वीज लागत नाही, दुसरं रसायन लागत नाही. त्याच वेळी विरघळलेल्या जस्ताचे आयन जवळच्या मिश्रणाला घट्ट करतात, म्हणून पट्टीभोवती जेलीसारखा थर दिसतो. एकदा वापरलेलं मिश्रण गुठळ्यांचं होतं, ते दुसऱ्या पट्टीला वापरू नका. किती वेळ ठेवायचं याचा एक आकडा मी देणार नाही. मिश्रणाची तीव्रता, तापमान आणि पापुद्र्यांचा आकार यावर ते ठरतं. तीन पट्ट्या करा: १० मिनिटं, १ तास, ४ तास. काढल्यावर डिस्टिल्ड पाण्यात हलकेच बुडवून जेली उतरू द्या, नळाखाली धरू नका. मग सावलीत, झाकणाखाली सावकाश वाळवा. पंख्याखाली किंवा उन्हात वाळवली तर लेप वरून आधी आकसतो आणि त्याला तडे जातात, भेगाळलेल्या काळ्या वावरासारखे.

त्या तड्यांकडे दुर्लक्ष करू नका. ग्राफीन आणि जस्त ओल्या द्रावणात एकत्र आले की ग्राफीन कॅथोड होतं आणि जस्त एनोड, म्हणजे झिजतं ते जस्त. अखंड लेपाखाली जस्त झाकलेलं असतं. तडा असेल तर त्या अरुंद जागेतलं उघडं जस्तच सगळा मार खातं आणि साध्या पत्र्यापेक्षा लवकर खड्डा पडतो. अर्धवट लेप हा लेप नसण्यापेक्षा वाईट. पट्टी उजेडात तिरपी धरून मोबाइलच्या लेन्सवर छोटी भिंगाची क्लिप लावून बघा. राखाडी खिडक्या दिसल्या तर ती पट्टी बाजूला ठेवा. साधी सेलोटेप हलक्या हाताने लावून ओढा. काळा थर सबंधच टेपबरोबर आला तर घासणं किंवा पुसणं कमी पडलंय.

जाड लेपही बरा नाही. ग्राफीन वीज वाहून नेतं. थर जाड झाला की आयनांना खालपर्यंत जायला वेळ लागतो, इलेक्ट्रॉन मात्र वरपर्यंत आरामात पोहोचतात. मग जस्त लेपाच्या वरच्या तोंडावरच कसंही साचतं आणि काटे पुन्हा सुरू होतात. चार तासांची पट्टी दिसायला सगळ्यांत दाट काळी असते, म्हणून तीच चांगली असं धरून चालू नका.

सेल असा जोडा. प्रत्येक पट्टीचा २ बाय २ सेंमीचा चौकोन एका बाजूने उघडा ठेवा. मागची बाजू, कडा आणि वरचा भाग नखांच्या पॉलिशने दोन हात देऊन झाका. कडा झाकणं सोडू नका, कारण विजेचा ओघ कडांवरच जास्त गोळा होतो आणि लेप कितीही चांगला असला तरी पहिला काटा कडेवरच उगवतो. दोन पट्ट्यांची उघडी तोंडं समोरासमोर, मध्ये द्रावणात भिजवलेल्या फिल्टर पेपरचे तीन थर, बाहेरून सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या आणि त्यांना दोन बाइंडर क्लिपा. वरच्या टोकाला चिमटे लावा. चिमट्याचं तांबं किंवा लोखंड द्रावणाला लागलं तर जस्त लवकर गंजतं, म्हणून तो भाग कोरडा ठेवा. सगळं एका बरणीत ठेवा, तळाला ओला कापूस, झाकणाला एक बारीक भोक. भोक हायड्रोजनसाठी, कापूस द्रावण सुकू नये म्हणून. मे महिन्यात झाकण नसलेला सेल एका दुपारीत वाळतो.

असे दोन सेल करा: एक साध्या पट्ट्यांचा, एक लेपाच्या पट्ट्यांचा. दोन्ही एकामागे एक, सिरीजमध्ये जोडा म्हणजे दोघांतून नेमका सारखाच प्रवाह जाईल. वीज फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून, मध्ये ३.३ किलोओहमचा रेझिस्टर. १२.६ व्होल्टला ३.८ मिलिअँपिअर होतात, म्हणजे ४ चौरस सेंमीवर प्रत्येकी साधारण १ मिलिअँपिअर. सेलचा स्वतःचा व्होल्टेज इतका कमी असतो की प्रवाह जवळपास स्थिर राहतो, वेगळा महागडा पुरवठा लागत नाही. दर तासाला प्रवाहाची दिशा उलटायची. सहा पिनांच्या टॉगल स्विचने हाताने जमतं. रात्रीसाठी १२ व्होल्टचा सायक्लिक टायमर आणि आठ पिनांचा रिले लावा. बॅटरीच वापरा, भिंतीचा अडॅप्टर नको. भारनियमनात लाइन गेली की अडॅप्टरवरची फेरी मध्येच तुटते, टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि एकाच पट्टीवर जस्त साचत जातं. रिले बॅटरी खातो, म्हणून मधूनमधून चार्जर लागेल. चार्जिंग चालू असताना व्होल्टेज १४.४ पर्यंत चढतो आणि प्रवाह ४.४ मिलिअँपिअर होतो, तेवढी नोंद वहीत करा.

प्रत्येक सेलवर मल्टिमीटर लावून दिवसातून तीन-चार वेळा मिलिव्होल्ट लिहा. चांगला सेल साधारण शंभर मिलिव्होल्टच्या आत असतो. दिशा उलटल्याबरोबर आकडा क्षणभर वर उसळतो आणि मग खाली येऊन स्थिर होतो, कारण नव्या जागी पहिला धातू बसवायला जास्त जोर लागतो. आकडा दिवसेंदिवस चढत गेला तर द्रावण वाळतंय किंवा पट्टीवर थर चढतोय. आकडा अचानक दोन-पाच मिलिव्होल्टवर आला आणि दिशा उलटल्यावरची उसळी नाहीशी झाली, तर काटा आरपार गेला. इथेच सगळ्यांत मोठी फसगत होते. कमी व्होल्टेज म्हणजे कमी विरोध, म्हणजे सेल सुधारला असं वाटतं. उसळी बघितल्याशिवाय कमी आकड्यावर खूश होऊ नका.

काटे वाढताना प्रत्यक्ष बघायचे असतील तर वेगळी मांडणी करा. छोट्या सपाट काचेच्या भांड्यात दोन पट्ट्या ५ मिमी अंतरावर, कागद नाही, प्रत्येकीची १ चौरस सेंमी उघडी, बाकी पॉलिश. ५६० ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावला की साधारण २२ मिलिअँपिअर जातात. मोबाइल बाजूने, भिंग लावून, मागे पांढरा कागद. साध्या जस्ताच्या तोंडावर आधी करडे ठिपके दिसतात, मग त्यांचं शेवाळासारखं मऊ काळपट रान होतं आणि त्यातलं एखादं टोक सगळ्यांना मागे टाकून समोर सरकायला लागतं. लेपाच्या पट्टीचं तोंड त्याच वेळी किती सपाट राहिलं ते शेजारी ठेवून बघा.

आता आकड्यांचा हिशेब, कारण वर्तमानपत्रात ‘हजार फेऱ्या टिकली’ असं वाचलं की तो करावाच लागतो. आपल्या सेलमध्ये चौरस सेंमीला १ मिलिअँपिअर-अवर धातू हलतो. ५,८५४ ने भागलं तर तो फक्त १.७ मायक्रॉनचा थर आहे. ०.१ मिमीच्या पत्र्यात चौरस सेंमीला साडेअठ्ठावन्न मिलिअँपिअर-अवर जस्त असतं. म्हणजे दर फेरीला तीन टक्केही धातू हलत नाही, बाकीचं सगळं राखीव कोठार. वाया जाणाऱ्या जस्ताची भरपाई ते कोठार गुपचूप करत राहतं आणि सेल भक्कम दिसतो. खऱ्या बॅटरीत इतकं जादा जस्त भरणं परवडत नाही. म्हणून कोणत्याही दाव्यात फेऱ्यांच्या आकड्याआधी दोन गोष्टी शोधा: चौरस सेंमीला किती मिलिअँपिअर-अवर हलवले आणि पत्र्यातलं किती टक्के जस्त वापरलं. त्यानंतर कुलोंबिक कार्यक्षमता, म्हणजे बसवलेल्या धातूपैकी किती परत मिळाला. ९९.५ टक्के ऐकायला छान वाटतं, पण राखीव धातू नसेल तर १०० फेऱ्यांनंतर ६१ टक्केच उरतो. ९९.९ टक्के असेल तर १०० फेऱ्यांनंतर ९० उरतो, आणि १,००० नंतर ३७. शेवटच्या दशांशाची भांडणं संशोधक का करतात ते यावरून कळतं.

तुमच्या सेलला थोडं खऱ्याच्या जवळ न्यायचं असेल तर रेझिस्टर तोच ठेवा आणि दिशा उलटायचा वेळ एका तासाचा पाच तास करा. साधा सेल कोणत्या फेरीला मेला आणि लेपाचा कोणत्या, हे लिहून ठेवा. तीन-तीन जोड्या केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, एका पॉलिश न लागलेल्या कडेनेही निकाल उलटतो. उन्हाळ्यात आणि डिसेंबरात तोच प्रयोग करून बघण्यासारखा आहे. उष्णतेत जस्त जास्त गंजतं, हायड्रोजन जास्त सुटतो, आणि पाण्याची बॅटरी पेट घेत नसली तरी ती आपल्या उन्हाळ्यात किती टिकेल हा प्रश्न उघडाच आहे. तो आपल्याच तापमानात तपासलेला बरा.

सेल मेला की क्लिपा काढा आणि कागद अलगद उचला. कागदावर काळे टोचलेले ठिपके दिसले तर काटे तिथून गेले. पट्टीवर पांढरे चमकदार पापुद्रे दिसले तर ते जस्ताचे काटे नव्हेत. हायड्रोजन सुटताना पट्टीजवळचं द्रावण अल्कली होतं आणि तिथे झिंक हायड्रॉक्साइड सल्फेट बसतं. लेपाच्या पट्टीवरही ते असेल तर लेपाने काटे आडवे पाडले, पण गंजणं थांबवलं नाही, असा त्याचा अर्थ. दोन्ही पट्ट्या पाण्यात बुडवून, वाळवून, तारीख घालून कागदात गुंडाळून ठेवा.

उरलेलं द्रावण नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. १०० मिलीत १३ ग्रॅम जस्त असतं आणि माशांना ते विष आहे. झाकणाच्या बाटलीत, नाव आणि तारीख लिहून ठेवा. गाळून पुढच्या काटे बघायच्या प्रयोगाला ते चालतं.